‘स्पायरल’ म्हणून गळ्यात मारलेलं हेड

नागपुरातल्या एका फर्निचर वर्कशॉपने १२ इंची प्लेनरसाठी, म्हणजे लाकूड रंधायच्या यंत्रासाठी, ‘स्पायरल कार्बाइड हेड’ घेतलं. हेड म्हणजे यंत्रात फिरणारा, पाती बसवलेला रूळ; कार्बाइड म्हणजे स्टीलपेक्षा कठीण असं धातूचं मिश्रण. पैसे साध्या तीन पात्यांच्या हेडच्या कैक पट मोजले. मालात तीन लबाड्या निघाल्या आणि तिन्ही पैसे देण्याआधीच पकडता आल्या असत्या.

पहिली लबाडी रचनेची. चौकोनी इन्सर्ट (स्क्रूने बसवायची छोटी पाती) नागमोडी ओळीत बसवलेले, लांबून झकास दिसत होते. पण प्रत्येक इन्सर्टची धार शाफ्टला, म्हणजे हेडच्या लांबीला, समांतर! अशी धार लाकडावर साध्या पात्यासारखी समोरूनच आदळते, फक्त पूर्ण रुंदीवर एकदम न आदळता तुकड्यातुकड्याने. त्यामुळे आवाज कमी होतो आणि गिऱ्हाईक तेवढ्यावरच खूश होतं. गाठीजवळ, उलट्या रेषेवर लाकूड उपटायचं ते उपटतंच. खऱ्या हेलिकल हेडमध्ये इन्सर्ट बसायची जागाच तिरपी कापलेली असते, म्हणून धार लाकडात तिरकी शिरते. विळीवर काकडी दाबून न कापता ओढून कापावी, तसं. तपासायला स्टीलची पट्टी पुरे. ती शाफ्टच्या रेषेत धरा. धार पट्टीला समांतर दिसली, तर डब्यावर काहीही छापलेलं असो, ते हेलिकल नाही.

तिरप्या हेडच्या इन्सर्टची धार किंचित फुगीर असते. हीच पट्टी धारेला लावून उजेडाकडे धरा, दोन्ही टोकांना बारीक फट दिसायला हवी. सपाट धारेचे इन्सर्ट तिरपे बसवले की फळीभर रेघोट्या उठतात आणि पॉलिशवाला शिव्या घालतो.

दुसरी लबाडी धातूची. कार्बाइड म्हणून दिलेले इन्सर्ट स्टीलचे होते. आपल्याकडच्या सागात सिलिका असते, ती स्टीलची धार लवकर मारते. कार्बाइडवर जादा पैसे घालायचे ते त्यासाठीच. यात चुंबकावर विसंबू नका. कार्बाइडमध्ये कोबाल्ट असतं, त्यामुळे तेही चुंबकाला चिकटतं. कानसही उपयोगाची नाही, कडक एचएसएसवरूनही (हायस्पीड स्टील) ती घसरते. खरी परीक्षा वजनाची. कार्बाइडची घनता घनसेंटिमीटरला साधारण १४ ते १५ ग्रॅम, स्टीलची ७.८. त्याच मापाचा एक खात्रीचा इन्सर्ट आणि दुकानातला एक, दोन्ही इतवारीतल्या एखाद्या सराफाच्या काट्यावर टाका. स्टीलचा जवळजवळ निम्मा भरेल.

तिसरी लबाडी पुढे नडणारी. इन्सर्टचं माप भलतंच होतं. १५×१५×२.५ किंवा १४×१४×२ मिलिमीटर ही मापं सहज मिळतात. त्यात किंचित इकडेतिकडे केलेला इन्सर्ट बाजारात सहज मिळत नाही, आणि गिऱ्हाईक कायमचं त्याच दुकानाला बांधलं जातं. माप कॅलिपरने स्वतः घ्या. चारसहा इन्सर्ट काढून खालची जागाही बघा. तिथे बर (कापताना राहिलेली धातूची खरबरीत कड) किंवा रंग असेल तर इन्सर्ट टेकत नाही, वर राहतो किंवा स्क्रू आवळताना तडकतो. आवळताना ५ ते ६ न्यूटन-मीटरच्या पुढे जाऊ नका.

साधं पातं वाईट, असं मात्र नाही. सरळ रेषेचा स्वच्छ साग असेल आणि डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापयंत्र) लावून तिन्ही पाती ०.०५ मिलिमीटरच्या आत सारखी बसवणारा माणूस असेल, तर तेच घ्या. धारही गावात लावून मिळते. नागपूरच्या महाल भागातल्या पाडलेल्या वाड्यांचं खिळेवालं लाकूड रंधायचं असेल, तर इन्सर्टचं हेड. खिळा लागला की फक्त तेवढा इन्सर्ट ९० अंश फिरवायचा, चार धारा असतात. एका पात्याला खाच पडली की मात्र सगळा संच उतरवावा लागतो.

बिलावर ‘स्पायरल हेड’ एवढंच लिहून घेऊ नका. धार तिरपी, इन्सर्ट कार्बाइडचे, त्यांचं माप, शाफ्टचा व्यास आणि फिरताना धारेचं जे वर्तुळ होतं त्याचा व्यास, सगळं लिहून मागा. या वर्कशॉपच्या बिलावर होतं फक्त ‘प्लेनर पार्ट, १ नग’. परत करायला गेल्यावर दुकानदाराने तोच कागद पुढे केला.