प्राण्यांच्या कायरोप्रॅक्टिकचा कोर्स: पैसे कुठे वसूल, कुठे नाही

मी पशुवैद्यक आहे, घोडे आणि कुत्रे दोन्ही बघते. पाठ धरलेल्या जनावराला वेदनाशामक आणि विश्रांती यापलीकडे हाताने काही करता यावं, म्हणून कायरोप्रॅक्टिकचा, म्हणजे अडलेल्या सांध्यांना, मुख्यतः मणक्यांना, हाताने छोटा झटका देऊन मोकळं करण्याचा, हा कोर्स केला. यातले नावाजलेले कोर्स प्रवेश फक्त पशुवैद्यकांना आणि माणसांवर काम करणाऱ्या पात्र कायरोप्रॅक्टरना देतात. अभ्यास साधारण दोनशे तासांचा. 'कोणीही या, दोन दिवसांत शिका' अशी जाहिरात दिसली तर सरळ पुढे जा.

प्रात्यक्षिकं मात्र झकास. कुत्र्याला छातीचे 13 आणि कमरेचे 7 मणके, घोड्याला 18 आणि सहसा 6, हे पाठ होतंच. कुठला सांधा मोकळा हलतो आणि कुठला अडतो, हे बोटांना कळायलाच खरा वेळ लागतो. आमच्या प्रशिक्षक बाईंनी एका घोडीच्या पोटाखाली बोटं दाबली, तशी तिने पाठ वर उचलली. पाठ वर-खाली वाकण्याची सर्वाधिक हालचाल कमरेचा शेवटचा मणका आणि त्रिकास्थी (त्याच्या मागचं, जुळलेल्या मणक्यांचं हाड) यांच्यामध्ये होते, हे तेव्हा हाताखाली जाणवलं. झटक्याला ताकद लागत नाही: वेग जास्त, खोली कमी, दिशा सांध्याच्या उताराप्रमाणे. माझी उंची बेताची, पण स्टुलावर उभी राहून जमलं. वर्गातले दणकट गडी उगाच घामाघूम व्हायचे.

थिअरी मात्र रडतखडत. 1895 मध्ये कायरोप्रॅक्टिक सुरू करणाऱ्या डी. डी. पामर यांची, 'सरकलेल्या मणक्या'मुळे आजार होतात ही कल्पना व्याख्याते वेदवाक्यासारखी सांगत होते, अगदी ॲलर्जीपर्यंत ताणून. पुरावा विचारला तर अनुभवाचे किस्से. घोड्यांच्या पाठीवर काही छोटे अभ्यास झालेत, तेवढेच नीट शिकवले असते तरी चाललं असतं.

याहून गंभीर तक्रार वेगळी आहे. डॅशहुंडसारख्या जातींत मणक्यांमधली चकती फुटून मज्जारज्जूवर दाब येतो. मागचे पाय ओढत आलेल्या कुत्र्याला झटका द्यायचा नसतो. आधी मज्जासंस्थेची तपासणी, मग गरजेप्रमाणे एमआरआय. हा विषय शेवटच्या तासात, सगळे बॅगा भरत असताना उरकला.

पशुवैद्यक असाल तर जरूर करा, निदानाचा पाया आपल्याकडे असतोच. प्रवेशाआधी दोन गोष्टी विचारा: एका प्रशिक्षकामागे विद्यार्थी किती, आणि परीक्षेत 'इथे हात लावणार नाही' हेच बरोबर उत्तर असलेली केस असते का. आमच्या परीक्षेत नव्हती.