सिव्हिल ईएसईचं कॉम्बो पॅकेज: नोट्स ठीकठाक, पेपर तपासणारा भारी

नाव लिहीत नाही, पण ज्यांच्या घरी तो निळ्या कव्हरचा गठ्ठा येऊन पडलाय त्यांना कळेलच कशाबद्दल बोलतोय. अकरा बुकलेट, प्रिलिम्सच्या ऑनलाईन टेस्ट आणि मेन्सच्या आठ टेस्ट, सगळं मिळून ईएसईचं, म्हणजे यूपीएससीच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षेचं, एक कॉम्बो. नोकरी करून अभ्यास करतोय, क्लासला जाणं जमत नाही, म्हणून घेतलं. आठ महिने वापरून झाले, आता लिहायला हरकत नाही.

आधी बुकलेट. सॉइल आणि फ्लुइड खरंच चांगली आहेत, शिकवणाऱ्या माणसानेच लिहिलीत हे वाचताना जाणवतं. आरसीसीमध्ये कॉलमच्या इफेक्टिव्ह लेंथचा (हिशोबात कॉलमची लांबी किती पट धरायची त्याचा) तक्ता आवडला, दोन्ही टोकं फिक्स असतील तर थिअरीने ०.५ आणि आयएस ४५६ ने, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय कोडने, ०.६५, दोन्ही शेजारी शेजारी दिलेत आणि प्रश्नात कोड म्हटलंय का ते आधी बघा असं खाली लिहिलंय. ऑब्जेक्टिव्हमध्ये इथेच गंमत होते, पर्यायात दोन्ही आकडे बसलेले असतात. एन्व्हायर्नमेंट म्हणजे नुसती पाठांतराची यादी, सोडा.

पण स्टील! स्टीलचं बुकलेट वाचताना डोकंच सटकलं. पहिल्या प्रकरणात आयएस ८००:२००७ हा स्टीलचा कोड, त्यातली लिमिट स्टेट पद्धत, सगळं झोकात, आणि पुढे टेन्शन मेंबरच्या (ओढ सोसणाऱ्या भागाच्या) सोडवलेल्या उदाहरणात थेट ०.६ एफवाय (एफवाय म्हणजे स्टीलची यील्ड स्ट्रेंथ, इथे २५०) म्हणजे १५० मेगापास्कल, हे १९८४ च्या कोडचं, कुठल्या तरी जुन्या नोट्समधून उचलून तसंच चिकटवलंय. नव्या कोडने यील्डिंगला २५० भागिले १.१ म्हणजे साधारण २२७ येतं आणि लोडपण फॅक्टर्ड, म्हणजे ठरावीक पट वाढवून, घ्यावा लागतो, दोन्हीची खिचडी केली की उत्तर कुठल्या कुठे जातं. वर यील्डिंग (ताणलं जाणं), रप्चर (तुटणं), ब्लॉक शिअर (जोडाजवळचा तुकडा फाटून निघणं) या तिघांत जे कमी ते धरायचं असतं, तर ब्लॉक शिअरचा पत्ताच नाही. कॉलेजात ज्यांचं स्टील नीट झालंय त्यांना लगेच खटकेल, बाकीचे मात्र हेच घोटून परीक्षेला जातील.

प्रिलिम्सच्या टेस्ट बऱ्या. टेक्निकलला १५० प्रश्न तीन तासांत, चुकलं की एक तृतीयांश मार्क कट, खऱ्या परीक्षेसारखंच. प्रश्न मात्र मागच्या वर्षांचेच आकडे बदलून दिलेले. आणि प्रिलिम्स म्हणजे फक्त गाळणी असं समजून मी पहिले काही महिने जीएसच्या (जनरल स्टडीज) पेपरकडे बघितलंच नाही, तो माझा मूर्खपणा, कारण प्रिलिम्सचे ५०० मार्क फायनलच्या १३०० मध्ये धरतात. हे तुम्ही करू नका.

आता ज्याच्यासाठी पैसे वसूल झाले ते. मेन्सच्या टेस्ट. ३०० मार्कांचा पेपर, ६० मार्कांचे पाच प्रश्न सोडवायचे, तीन तास, म्हणजे एका प्रश्नाला ३६ मिनिटं, हे कागदावर ठीक वाटतं, पहिल्या टेस्टला माझे जेमतेम साडेतीन झाले. उत्तरं लिहून स्कॅन करून पाठवायची आणि पाच-सहा दिवसांत तपासून येतात, आणि ते तपासणं म्हणजे काय सांगू, कोण माणूस आहे माहीत नाही पण मनापासून वाचतो. मोमेंट डिस्ट्रिब्युशनचं (बीम-फ्रेम सोडवायची एक पद्धत) माझं उत्तर बरोबर होतं तरी मार्क कापले होते, शेजारी लाल पेनाने लिहिलेलं की साइन कन्व्हेन्शन (कुठली दिशा प्लस, कुठली मायनस) कुठेच सांगितलेलं नाही आणि बीएमडीवर, म्हणजे बेंडिंग मोमेंटच्या आकृतीवर, आकडे नाहीत, नुसता आकार काढलाय. चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, हे कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांदा फुटिंगच्या (पायाच्या) गणितात वॉटर टेबल, म्हणजे भूजलाची पातळी, बरोबर फुटिंगच्या तळाशी होतं, माती किती भार पेलेल त्याच्या टर्झागीच्या सूत्रात मी तिसऱ्या टर्ममध्येपण मातीचं साधंच युनिट वेट घेतलं, तिथे सबमर्ज्ड, म्हणजे पाण्याखालचं, घ्यायचं असतं. उत्तर चुकलं, पण आधीच्या स्टेप्सचे मार्क दिलेले आणि नेमकं कुठून घसरलो तिथे गोल केलेला. सहाव्या टेस्टपर्यंत पाचही प्रश्न व्हायला लागले, शेवटचा धावतपळत का होईना.

गंमत म्हणजे त्याच फुटिंगच्या त्यांच्या मॉडेल उत्तरातच चूक होती. फुटिंग चौरस, आणि टर्झागीच्या सूत्रात पहिल्या टर्मला १.३ लावून शेवटच्याला ०.५ तसाच ठेवलेला, तिथे ०.४ हवा, ०.५ स्ट्रिपसाठी, म्हणजे लांब पट्टीसारख्या फुटिंगसाठी, असतो. मेल केला. दोन आठवड्यांनी "धन्यवाद, नोंद घेतली" एवढंच आलं आणि पीडीएफ अजून तशीच आहे. सपोर्टवाल्यांना फोन केला तर पुढच्या बॅचचं पॅकेज विकायला लागले.

तर माझं मत, पूर्ण कॉम्बो घेऊ नका, नुसती मेन्सची टेस्ट सिरीज वेगळी मिळते ती घ्या, आणि तीही निदान स्ट्रक्चर आणि सॉइल एकदा हाताने सोडवून झाल्यावरच, नाहीतर कोरे कागद तपासायला कोणाला पाठवणार. स्टीलसाठी कोड समोर ठेवून चांगल्या टेक्स्टबुकातली उदाहरणं करा. पाचपैकी साडेतीन स्टार, त्यातले तीन त्या लाल पेनवाल्याचे.