होल्डन आधी की पांडुरंग?

घरातला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी सगळ्या जगावर चिडलेली आहे, कुणाशी धड बोलत नाही, पण वाचते. तिला कोणती कादंबरी द्यावी? मराठी वाचकापुढे दोन नावं हमखास येतात: जे. डी. सॅलिंजरची ‘द कॅचर इन द राय’ (१९५१) आणि भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३). समीक्षक दोन्हींची तुलना कधीपासून करत आलेत. इथे प्रश्न एवढाच, की आधी कोणती.

‘कॅचर’चा नायक होल्डन कॉलफील्ड सांगतो ते जेमतेम तीन दिवसांचं. पाचांपैकी चार विषयांत नापास झाल्यामुळे पेन्सिल्व्हेनियातल्या बोर्डिंग शाळेने त्याला काढलंय. घरी पत्र पोचायच्या आत तो रात्रीच न्यूयॉर्कला निघून येतो आणि एकटा भटकत राहतो. ‘कोसला’चा नायक पांडुरंग सांगवीकर सांगतो तेव्हा पंचवीस वर्षांचा आहे. खानदेशातलं गाव, पुण्यातलं कॉलेज, होस्टेल, उधळलेले पैसे, नापास होणं आणि शेवटी गावाकडे परतणं, असा वर्षांचा पसारा त्याच्या मागे आहे. मधे मधे पुस्तक मुद्दाम रेंगाळतं, एका टप्प्यावर तर रोजनिशीच येते. सोळाव्या वर्षी तिथे बरेच जण पुस्तक खाली ठेवतात, आणि यात त्यांचा काही दोष नाही.

दोन्ही पुस्तकांचा जीव मात्र एकाच ठिकाणी आहे: गेलेलं भावंड. होल्डनचा धाकटा भाऊ अ‍ॅली रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्या रात्री तेरा वर्षांच्या होल्डनने गॅरेजच्या काचा नुसत्या मुठीने फोडल्या. अ‍ॅलीच्या बेसबॉलच्या हातमोज्यावर हिरव्या शाईने कविता लिहिलेल्या होत्या. त्या हातमोज्यावर होल्डन रूममेटसाठी निबंध लिहितो, रूममेट नाक मुरडतो आणि होल्डन निबंध फाडून टाकतो. दुःखाबद्दल सरळ काही बोलायचं नाही आणि बाकी प्रत्येक गोष्टीवर राग काढायचा, हे सोळा वर्षांच्या मुलांना कुणी समजावून द्यावं लागत नाही.

पांडुरंगाची लहान बहीण देवीच्या रोगाने जाते, तेव्हा त्याचं सगळं थट्टेखोर बोलणं गळून पडतं. ती पानं मला मराठी गद्यातली सर्वांत जिवाला लागणारी पानं वाटतात. पण त्यांचं वजन कळायला त्याआधीचा बाप-लेकाचा झगडा अंगावर यावा लागतो. होल्डनचे आईवडील पुस्तकात जवळजवळ दिसतच नाहीत; पांडुरंगाचे वडील मात्र सगळीकडे आहेत. त्यांचा पैसा, त्यांची शेती, त्यांचा धाक. घरचे पैसे घेऊन शहरात राहिलेल्या माणसाला हे आतून कळतं.

म्हणून सोळाव्या वर्षी होल्डन आणि होस्टेलची एक-दोन वर्षं काढल्यावर पांडुरंग, असं माझं स्पष्ट मत आहे. मूल इंग्रजी वाचायला कचरत असेल तरीही, कारण होल्डनची इंग्रजी बोलीतली आहे, वाक्यं छोटी आहेत. काही पालक हॉटेलातल्या वेश्येच्या प्रसंगाला बिचकतात. तो प्रसंग नीट वाचावा: होल्डनला तिच्याशी फक्त बोलायचं असतं. गावाकडून नुकतंच पुण्यात आलेलं, खोलीत एकटं पडलेलं मूल असेल, तर मात्र हा क्रम सोडून थेट ‘कोसला’च द्या.