कौलारू घर, न्याहारीसकट: गणपतीपासून मेपर्यंतचा अनुभव

परवा निघताना बिल हातात पडलं. दोघांची खोली, न्याहारीसकट १८०० रुपये. खाली वेगळी ओळ: चहा, ४ कप, ८० रुपये. म्हणून हे लिहायला बसलो.

हिच्या माहेरच्या जमिनीचा फेरफार दापोलीला गणपतीपासून लटकलाय. तारीख पडली की मुरूडला याच घरी उतरतो. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मागे आगर. असली घरं सगळ्यांनी पाहिलीत, वर्णन करत नाही.

तर चहा. फाटकावर पाटी 'निवास व न्याहारी'. न्याहारीबरोबर एक कप मिळतो, तोही चार घोटांचा. दुसरा मागितला की काकू हसून देतात आणि काका वहीत लिहितात. ताकाचे पैसे नाहीत. आगरातली शहाळी एकदा न मागता सोलून दिली, त्याचेही नाहीत. मग चहाचेच का? काकांना विचारलं, तर म्हणाले, "नारळ झाडाला लागतो हो, साखर दुकानात."

खोलीबद्दल मात्र मत बदललं. भाद्रपदात जाम वैतागलो होतो. इकडे वर्षाला ३५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. गाद्या कुबट, उशाशी गळती आणि रात्रभर बादलीत टपटप. फणसावरून माकडं कौलांवर उड्या मारतात, एक कौल सरकलं की पाणी आत. शाकारणी, म्हणजे कौलं नीट बसवून घेणं, पावसाआधी होते, भर पावसात वर चढणार कोण? तेव्हा दोन तारे दिले असते.

मे महिन्यात दुपारी वीज गेली, तेव्हा शेजारच्या स्लॅबच्या एसी खोल्यांतली मंडळी टॉवेलने वारा घेत आमच्या पडवीत येऊन बसली. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते आणि पडवीमुळे भिंतीवर ऊनच येत नाही. अंघोळीला तांब्याचा बंब, त्यामुळे गीझरचीही रड नाही. आता चार तारे.

न्याहारीला नाव ठेवायला जागा नाही. बिडाच्या तव्यावर नारळाच्या शेंडीने तेल फिरवून घातलेलं घावन, इतकी जाळी पडलेली की खालच्या ताटाची फुलं दिसावीत. कधी मोकळ भाजणी, सोबत दही. मे महिन्यात फणसाचं सांदण आणि नारळाचं दूध. मी तीन सांदणं जास्त खाल्ली, वहीत काही चढलं नाही. घर शाकाहारी आहे. मासळी हवी तर संध्याकाळी हर्णै बंदरावर लिलाव बघून या आणि बाहेरच जेवा.

पाचवा तारा चहापायी अडलाय. घरून थर्मास नेऊन न्याहारीचा चहा त्यात भरून मागावा, असा विचार होता. काकू म्हणाल्या, "देऊ की, पण मावेल तेवढा नाही हो, एकच कप." पुढची तारीख जूनमधली. खोली सांगून ठेवलीय, उशाकडची कौलं आधी बघून घ्या असंही बजावलंय.