प्रस्तावना शिकवणारा निबंधवर्ग: एक अभिप्राय

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील निबंधाचा पेपर २५० गुणांचा असतो आणि तीन तासांत, दोन विभागांतून एकेक विषय निवडून, प्रत्येकी १००० ते १२०० शब्दांचे दोन निबंध लिहावे लागतात. या पेपरसाठी पुण्यातील एका शिकवणीने मराठी माध्यमाच्या परीक्षार्थींकरिता चालवलेला ऑनलाइन वर्ग मी नुकताच पूर्ण केला. त्यातील प्रस्तावनेचा भाग उत्तम आहे; उत्तरपत्रिका तपासण्याची व्यवस्था मात्र ढिसाळ आहे.

शिकवणाऱ्या सरांचा आग्रह असा, की कच्चा आराखडा पूर्ण झाल्याशिवाय प्रस्तावनेचे पहिले वाक्य लिहायचे नाही. कारण निबंध कुठे पोहोचणार हे ठरलेलेच नसेल, तर सुरुवात कशाची करणार? २०२४ च्या पेपरमधील ‘वने संस्कृतींच्या आधी येतात आणि वाळवंटे त्यांच्या मागून’ या आशयाचा विषय त्यांनी फळ्यावर घेतला. बहुतेकांनी पर्यावरणाची व्याख्या देऊन सुरुवात केली होती. सरांनी त्याऐवजी सह्याद्रीतील देवराई घेतली: देवाच्या नावाने राखलेली, कुऱ्हाड न लागलेली झाडी आणि तिच्या कडेने चाललेली गावाची शेती. माणसाची वस्ती असूनही येथे वन टिकले आहे, त्यामुळे विधानाच्या उत्तरार्धाला लगेच आव्हान मिळते आणि वाळवंट अटळ आहे की तो माणसाच्या निवडीचा परिणाम आहे, हा निबंधाचा मुख्य प्रश्न पहिल्याच परिच्छेदात उभा राहतो. एवढ्या एका उदाहरणासाठीही हा वर्ग करावा, असे मी म्हणेन.

याच शिकवणीने ‘प्रस्तावना संग्रह’ नावाची पीडीएफ का वाटावी, हे मात्र कळत नाही. तीत थोरांची वचने आणि कोणत्याही विषयाला चिकटवता येतील असे तयार परिच्छेद आहेत. म्हणजे वर्गात जे टाळायला सांगितले, तेच घरी पाठ करायला दिले आहे.

तपासलेल्या उत्तरपत्रिका बऱ्याच उशिरा मिळाल्या. माझ्या एका प्रस्तावनेपुढे ‘विषय तिसऱ्या वाक्यात येतो, पहिली दोन काढा’ असा नेमका शेरा होता, तर दुसरीपुढे नुसते ‘छान’. प्रत्येक उत्तरपत्रिका सर स्वतः तपासत नाहीत, हे उघड आहे. त्यामुळे ज्यांना केवळ व्याख्याने हवी आहेत त्यांनी निःशंकपणे नाव नोंदवावे. तपासणीसाठी वेगळी फी भरणाऱ्यांनी मात्र ती कोण करणार, हे आधी विचारून घ्यावे.