सुदानी समाजांचा वंशेतिहास: प्रतिकारशक्तीची जनुकं, वाय गुणसूत्र की अख्खा जीनोम?

वंशेतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला सुदानची भुरळ पडावी यात नवल नाही. नाईलच्या काठाने उत्तरेला महस, दनाग्ला, हल्फावी हे नुबियन समाज. मध्यभागी जालीन, शायगिया असे अरबी बोलणारे. तांबड्या समुद्रालगतच्या डोंगरांत बेजा. पश्चिमेला दारफूरमध्ये फूर आणि मसालित. कोर्दोफानच्या टेकड्यांत नुबा. आणि दक्षिणेला डिंका, नुएर, शिलुक. पदव्युत्तर प्रकल्पासाठी हा विषय घ्यायचा, तर पूर्वजांचा माग काढायला कोणत्या खुणा धरायच्या हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं. प्रतिकारशक्तीची जनुकं, म्हणजे मुख्यतः एचएलए (जंतू ओळखायला मदत करणाऱ्या जनुकांचा गट). वाय गुणसूत्र आणि मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए. किंवा जीनोमभर, म्हणजे संपूर्ण डीएनएभर, पसरलेले लाखो एसएनपी (माणसामाणसांत जिथे डीएनएचं एखादंच अक्षर वेगळं असतं अशा जागा). माझा कौल आधीच देते. पूर्वज कोण आणि मिश्रण कधी झालं हे विचारायचं असेल, तर अख्ख्या जीनोमला पर्याय नाही. आणि एकट्या एचएलएवर वंशवृक्ष उभारण्याच्या वाटेला जाऊच नका.

मोह मात्र एचएलएचाच होतो. सहाव्या गुणसूत्रावरच्या या जनुकांइतकी विविधता माणसाच्या जीनोममध्ये दुसरीकडे नाही. नोंदलेले प्रकार ४०,०००च्या वर गेले आहेत. प्रत्यारोपणासाठी जगभर एचएलएची तपासणी होते, त्यामुळे आकडेवारीही मुबलक आहे आणि त्यातली बरीच खुली आहे. दोन समाजांतलं अंतर मोजायला आणखी काय हवं, असं वाटून जातं.

अडचण अशी की ही विविधता रोगांनी घडवलेली आहे. एचएलएचे रेणू जंतूंचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडतात आणि प्रतिकारशक्तीच्या टी पेशी ते ओळखतात. आईकडून एक आणि वडिलांकडून दुसरा प्रकार मिळालेल्या माणसाचं शरीर जास्त तऱ्हेचे तुकडे मांडू शकतं, म्हणून एरवी नाहीसे झाले असते असे प्रकारही लोकसंख्येत टिकून राहतात. काही शाखा तर माणूस आणि चिंपांझी वेगळे होण्याआधीपासून चालत आल्या आहेत. त्यामुळे दोन समाजांत एकच प्रकार आढळला तर कारण समान पूर्वज असेल, सारखे रोग असतील किंवा अतिप्राचीन वारसा असेल. नुसत्या एका जनुकाकडे पाहून यातलं नेमकं कोणतं, हे सांगता येत नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २००१ सालचं आहे. एचएलएच्या आधारे ग्रीक लोकांचं जवळचं नातं इथिओपियाशी जोडणारा लेख तेव्हा एका संशोधनपत्रिकेत आला. नील रिश, अल्बर्टो पियाझा आणि लुका कावाल्ली-स्फोर्झा यांनी २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये त्या पद्धतीवर कडक टीका केली. नैसर्गिक निवडीच्या दबावाखाली असलेल्या एकाच खुणेवरून वंशावळ काढणं अविश्वसनीय आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. त्याच आकडेमोडीत जपानी लोक पश्चिम आणि दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांशी जवळपास एकरूप ठरत होते, हेही त्यांनी दाखवून दिलं. प्रकल्पाच्या मार्गदर्शकाने ‘फक्त डीआरबी१ घे, काम लवकर उरकेल’ असं सुचवलं (डीआरबी१ हे एचएलएमधलं एक जनुक), तर हे पत्र त्यांच्यासमोर ठेवा.

मग प्रतिकारशक्तीच्या जनुकांतून सुदानच्या पूर्वजांविषयी काहीच कळत नाही का? कळतं, आणि त्याचा पुरावा खुद्द सुदानमधलाच आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुदान, दक्षिण सुदान आणि आसपासच्या समाजांची तपासणी इम्युनोचिपवर केली गेली. दीड-दोन लाख एसएनपी तपासणारी ही चिप स्वप्रतिकार रोगांशी (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा रोगांशी) जोडलेल्या भागांसाठी बनवलेली आहे. तिच्यातून नायलोटिक (डिंका, नुएर, शिलुक यांसारखे दक्षिणेचे समाज), दारफुरी आणि नुबा एका बाजूला, तर कॉप्ट (मूळचे इजिप्तचे ख्रिस्ती), बेजा, अरब आणि नुबियन दुसऱ्या बाजूला, अशी स्पष्ट विभागणी दिसली. नुबियन भाषा डिंका आणि फूर यांच्या भाषांप्रमाणेच नायलो-सहारन कुळातल्या, पण जनुकांच्या नकाशावर ते अरबी आणि बेजा बोलणाऱ्या शेजाऱ्यांजवळ बसले. दीड-दोन लाख जागा एकत्र पाहिल्या की एकेका जनुकावरचा रोगाचा ठसा सरासरीत विरतो आणि पूर्वजांचा इतिहास वर येतो. तरी चिपची खोट ध्यानात ठेवावी: तिच्यावरचे एसएनपी युरोपीय रुग्णांवरच्या संशोधनातून निवडले होते, त्यामुळे आफ्रिकेतली खास विविधता तिच्या नजरेतून बरीच निसटते.

वाय गुणसूत्र आणि मायटोकॉन्ड्रिया हा दुसरा पर्याय स्वस्त आहे. २००८ मध्ये १५ समाजांतल्या ४४५ पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासलं गेलं. डिंका, नुएर, शिलुक यांच्यात ए आणि बी हे जुने आफ्रिकी हॅप्लोग्रुप (एका पूर्वजापासून निघालेल्या वंशशाखा) ठळक, तर अरब आणि नुबियनांत पश्चिम आशियाशी जोडलेला जे. पण ही पुरुषांची एकच ओळ. मायटोकॉन्ड्रिया आईची एकच ओळ. दहा पिढ्या मागे गेलं की माणसाला हजाराच्या आसपास पूर्वज असतात, आणि या दोन खुणा त्यातल्या दोघांबद्दलच बोलतात. दोन्ही ओळींची तुलना करायची असेल तर मात्र हाच पर्याय फार मोलाचा. नाईलकाठच्या नुबियातल्या कुलुब्नार्ती इथल्या ख्रिस्ती काळातल्या ६६ जणांचा प्राचीन डीएनए २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात सरासरी सुमारे ४३ टक्के वारसा नायलोटिक आणि उरलेला पश्चिम युरेशियाशी जोडलेला निघाला, आणि हा युरेशियाकडचा वारसा स्त्रियांकडून जास्त आला होता. ‘बाहेरून पुरुष आले आणि मिसळले’ ही सरधोपट समजूत नुबियापुरती तरी इथे उलटते.

तिसऱ्या पर्यायाचं बळ २०१७ च्या अभ्यासात दिसतं: १८ समाज, २२१ व्यक्ती, सुमारे ३९ लाख एसएनपी. दोन समाज मिसळले की पहिल्या पिढ्यांत परक्या पूर्वजांकडून आलेले डीएनएचे तुकडे लांबच लांब असतात आणि दर पिढीला ते तुटत जातात. तुकड्यांच्या लांबीवरून मिश्रणाचा काळ काढता येतो. सुदानी अरबांमधलं मिश्रण सुमारे ७०० वर्षांपूर्वीचं निघालं, म्हणजे १३१५-१६ च्या सुमारास डोंगोलाचं ख्रिस्ती राज्य कोसळलं त्या काळाशी जुळणारं. ही लाट दारफूर-कोर्दोफानला पोचली ती ४०० ते २०० वर्षांपूर्वी. दक्षिणेच्या नायलोटिक समाजांत युरेशियाकडचं मिश्रण जवळपास नाहीच. एचएलएकडून अशी कालगणना मागू नये, कारण तिथे तुकड्यांची लांबी काळाबरोबर नैसर्गिक निवडही ठरवते.

आता प्रश्न रोगाचा असेल तर माझा कौल उलटा. पूर्व सुदानातल्या गेदारेफ भागात, दारफूरहून येऊन वसलेल्या मसालित समाजाला काला-आजाराने (वाळूमाशीमुळे पसरणाऱ्या परजीवीच्या रोगाने) फार छळलं. तिथल्या दोन मसालित गावांच्या अभ्यासात, २००७ साली, रोगाला बळी पडण्याशी निगडित जागा पहिल्या आणि सहाव्या गुणसूत्रावर सापडल्या, पण त्या गावागावांत आणि वाय गुणसूत्राच्या वंशशाखांनुसार वेगळ्या होत्या. समाज एक, रोग एक, तरी गाव वसवणाऱ्या मोजक्या पूर्वजांनी कोणती जनुकं बरोबर आणली यावर सगळं ठरलं. असा प्रश्न घेतला की प्रतिकारशक्तीची जनुकं आणि वंशेतिहास एकत्रच तपासावे लागतात. २०१३ मध्ये काला-आजाराचा एचएलए वर्ग दोनशी (डीआरबी१ ज्यात येतं त्या गटाशी) संबंध दाखवला गेला तो भारत आणि ब्राझीलमधल्या रुग्णांत. हाच संबंध मसालितांमध्ये तपासणं मला तरी प्रबंधाला पुरेसा भक्कम विषय वाटतो.

साधनांचंही पाहा. जगभरच्या लोकांचे जीनोम खुले करणाऱ्या १००० जीनोम प्रकल्पात सुदानचा एकही समाज नाही. म्हणून एसएनपींवरून एचएलए प्रकार अंदाजाने भरून काढायचे असतील, तर संदर्भसंच पश्चिम आफ्रिका किंवा केनियाचे वापरावे लागतात आणि बेजा किंवा नुबियनांसाठी चुका वाढतात. जुने लेख एकत्र करताना, जुलै २०११ मध्ये दक्षिण सुदान वेगळा देश होईपर्यंत डिंका आणि नुएर ‘सुदान’खालीच नोंदले आहेत, हे विसरू नका. टेकड्यांतले नुबा आणि नाईलकाठचे नुबियन हे वेगळे समाज एका स्तंभात टाकू नका. एप्रिल २०२३ पासूनच्या युद्धामुळे नवे नमुने गोळा करण्यावर प्रकल्प बेतणं धोक्याचं. प्रसिद्ध माहितीवरच काम आखावं. नमुन्यांची संख्याही निर्णयात धरा. २०१७ च्या अभ्यासात समाजामागे सरासरी १२ माणसं होती आणि जीनोमभरच्या खुणांना तेवढी पुरली. एचएलएसाठी १२ माणसं म्हणजे प्रत्येक जनुकाच्या फक्त २४ प्रती. शंभरात एखादीच प्रत असणारा प्रकार त्यांत बहुधा दिसणारच नाही.