पठारावर पासवर्ड मागणारे अ‍ॅप: कॅमेरा आणि टॅबलेट जोडून सात महिने

मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी, साताऱ्याजवळ ठोसेघर ओलांडून चाळकेवाडीच्या पठारावर भर उन्हात पोटावर पडलो असताना, माझ्या टॅबलेटने मला पासवर्ड विचारला. कॅमेरा चार मीटरवर एका दगडासमोर तांदळाच्या पुरचुंडीवर टेकवलेला होता. दगडावर सरड्याचा नर गळ्याखालचा निळा, काळा आणि नारिंगी पंखा उघडून उभा होता. या सरड्याचे 'सारडा सुपर्बा' हे शास्त्रीय नाव २०१६ सालचे असून त्याचा पहिला भाग आपल्या 'सरडा' या शब्दावरूनच घेतलेला आहे. ज्या अ‍ॅपमधून मी हे दृश्य पाहणार होतो, ते आदल्या रात्री घरच्या वाय-फायवर स्वतःहून अद्ययावत झाले होते आणि न विचारता त्याने मला माझ्या खात्यातून बाहेर काढले होते. पुन्हा लॉगिन करायला इंटरनेट हवे होते आणि पठाराच्या त्या कडेला मोबाइलला रेंज नव्हती. नराने तीन वेळा पंखा उघडून मिटला आणि तो दगडामागे निघून गेला.

तोवर मी या जोडणीचे इतके गुणगान केले होते की आमच्या गटातल्या दोघांनी जुने टॅबलेट बाहेर काढले होते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिणे मला भाग आहे.

माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे. टॅबलेट १० इंची असून तो मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला होता, त्यामुळे नव्या खरेदीचा प्रश्न आला नाही. कॅमेरा स्वतःचे वाय-फाय सोडतो, टॅबलेट त्याला जोडला जातो आणि फोटो काढताच तो मोठ्या पडद्यावर येतो. कॅमेऱ्याच्या ३ इंची पडद्याशी तुलना केली तर टॅबलेटवर चित्राला सुमारे दहापट क्षेत्रफळ मिळते. चाळिशीनंतर चष्मा लागलेल्या माणसाला या दहापटीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

पहिली प्रचिती जानेवारीत भिगवणला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर आली. होडीत टॅबलेट मांडीवर घेऊन बसलो होतो आणि आलेले फोटो नावाडीही वाकून पाहत होता. एका चित्रबलाक करकोच्याचा फोटो आला तेव्हा तो म्हणाला, "दादा, त्याच्या पायात जाळ्याचा दोरा हाय बघा." मी तोच फोटो कॅमेऱ्यावर दोनदा पाहिला होता आणि मला दोरा दिसला नव्हता. त्या संध्याकाळी मी या जोडणीला दहापैकी नऊ गुण दिले असते.

घरी आल्यावर त्यातले दोन गुण कमी झाले. टॅबलेटवर लख्ख दिसलेल्या फोटोंपैकी कितीतरी फोटोंत डोळा किंचित हुकलेला होता आणि फोकस चोचीवर बसला होता. कारण शोधायला मला आठवडा लागला. अ‍ॅप मूळ चित्र आणतच नव्हते, ते २ मेगापिक्सेलची लहान प्रत आणत होते. २४ मेगापिक्सेलचे चित्र इतके लहान केले की मूळचे सुमारे साडेतीन पिक्सेल, आडवे आणि उभेही, एका पिक्सेलात बसतात. त्यामुळे दोन-तीन पिक्सेलांचा धूसरपणा त्यात गडप होतो आणि हुकलेला फोटोही सुरेख दिसतो. सेटिंगमध्ये 'मूळ आकार' निवडल्यापासून एक जेपेग यायला सहा ते आठ सेकंद लागतात, पण जे दिसते ते खरे असते. आता मी सगळे फोटो येऊ देत नाही, डोळा तपासायचा असेल तेवढाच फोटो निवडून मागवतो. नवीन माणसाने ही सेटिंग पहिल्याच दिवशी बदलावी.

उन्हाचा प्रश्न मात्र कोणत्याही सेटिंगने सुटत नाही. पडदा दिसावा म्हणून ब्राइटनेस पूर्ण वाढवावा लागतो, पूर्ण ब्राइटनेसने टॅबलेट तापतो आणि तापला की तो स्वतःच ब्राइटनेस उतरवतो. टॅबलेटच्या माहितीपुस्तिकेत वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचेच तापमान सांगितले आहे आणि मे महिन्यातल्या तापलेल्या कातळाने ती पुस्तिका वाचलेली नाही. बाजारात यासाठी तयार हूड मिळतात, पण त्यांच्या किमती पाहून मी स्टेशनरीच्या दुकानातून काळा पुठ्ठा आणि चिकटपट्टी ८० रुपयांत आणली आणि तीन बाजूंनी बंद असा खोका केला. आईची काळी छत्री त्याच्यावर धरली की दुपारी बारा वाजताही सरड्याच्या गळ्यावरचे खवले मोजता येतात. वाऱ्याने तो खोका दोनदा उडाला, त्याची तक्रार मी कोणाकडेही करणार नाही.

कॅमेऱ्याच्या बॅटरीचा खप जवळपास दुप्पट झाला आहे. वाय-फायचा पल्ला मोकळ्या जागी दहा मीटर पुरतो, पण मध्ये दगड किंवा माणूस आला की चित्र अडखळते. या दोन्ही गोष्टी चालवून घेण्याजोग्या आहेत.

मला न चालणारी गोष्ट एकच आहे आणि गेले महिनाभर माझ्या डोक्यातून ती जात नाही. हातभर अंतरावर असलेल्या माझ्याच कॅमेऱ्यातला माझाच फोटो माझ्याच टॅबलेटवर पाहण्यासाठी कोणत्या तरी दूरच्या सर्व्हरची परवानगी का लागावी? कॅमेऱ्याच्या वाय-फायवर मुळात इंटरनेट नसतेच. टॅबलेटलाही हे समजत नाही. 'या नेटवर्कवर इंटरनेट नाही' असे म्हणत तो कॅमेऱ्याला सोडतो आणि शेजारी मित्राचा हॉटस्पॉट चालू असेल तर तिकडे पळतो. त्यावर उपाय सापडला: आधी विमान मोड चालू करायचा, मग त्यातच फक्त वाय-फाय चालू करायचे आणि ओळखीच्या बाकी नेटवर्कांची आपोआप जोडणी बंद ठेवायची. एप्रिलपासून ही पळापळ थांबली आहे. लॉगिनवर मात्र असा कोणताही उपाय नाही.

मी अ‍ॅपच्या कंपनीच्या सेवा विभागाला लिहिले. पहिल्या उत्तरात मला अ‍ॅप काढून पुन्हा बसवण्यास सांगितले, म्हणजे पुन्हा लॉगिन आलेच. दुसऱ्या उत्तरात माझ्या भागात नेटवर्क चांगले असल्याची खात्री करून घेण्याची विनंती होती. फोनवर बोललेल्या मुलीला मी सगळे शांतपणे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "सर, तुम्ही रेंज असलेल्या ठिकाणी फोटो काढून बघा ना." ती बिचारी समोरच्या पडद्यावरचे वाचत असावी, म्हणून मी वाद घातला नाही. चार दिवसांनी तक्रार निकाली निघाल्याचा निरोप आला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागण्याआधी, मी पुन्हा चाळकेवाडीला गेलो. आपोआप अद्ययावत होण्याची सोय आता बंद केली आहे. साताऱ्यात चहाला थांबलो तेव्हा लॉगिन शाबूत आहे ना हे पाहून घेतले, विमान मोड तिथेच लावला आणि घरी परतेपर्यंत काढला नाही. खोका आणि छत्री घेऊन दोन तास बसलो. आधीचाच नर होता की दुसरा हे मला सांगता येणार नाही, पण दगड तोच होता. अकरा फोटोंपैकी चारांत डोळा धारदार आहे आणि ते मला पठारावरून उठण्याआधीच कळले होते. जोडणीला मी आता सात गुण देतो. अ‍ॅपला गुण देण्यासाठी त्याच्या पानावर गेलो होतो, तिथे आधी लॉगिन करा असे लिहून आले.